मातबर भिंग

मराठीत 'मातबर' हा शब्द आपण पैसेवाल्या, वजनदार माणसासाठी वापरतो. मातबर आसामी, मातबर घराणे. उर्दूत तोच शब्द 'मोतबर' होऊन येतो आणि तिथे त्याचा अर्थ विश्वास ठेवण्याजोगा असा होतो. जुन्या मराठी कागदपत्रांत भेटणारा 'इतबार' हा शब्दही याच घरचा. या सर्वांचे मूळ अरबी 'एतबार' या शब्दात आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिऱ्यात स्थायिक झालेल्या एका विद्वानाने हा शब्द एका खास अर्थाने वापरला. त्यांच्या लेखी एतबार म्हणजे नुसता विश्वास नव्हे, तर प्रयोग करून, मोजून, ताडून पाहणे. असे पारखणारा तो 'मुअतबिर' आणि पारखून जे टिकले ते 'मुअतबर', म्हणजे आपले मातबर. हे विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्नुल हैसम (सुमारे ९६५ ते १०४०), ज्यांना युरोपने अल्हाझेन या नावाने ओळखले.

हा लेख भिंगाच्या पारखीविषयी आहे. कॅमेऱ्याचे भिंग चांगले की सुमार हे कशावरून ठरवायचे, ही पारख माणूस टप्प्याटप्प्याने कशी शिकला आणि त्या शिकण्यात मुसलमानांचा व आपल्या या मुलखाचा वाटा कोणता, हे पाहण्याचा हेतू आहे. वाटा सांगताना तो फुगवायचा नाही, ही अट मी घालून घेतली आहे. कारण हा विषय आपल्या वस्त्यांतून हल्ली बहुधा फुगवूनच सांगितला जातो.

कॅमेरा आणि कमरा

कुर्ल्यातील ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवतो तिथे विज्ञान प्रदर्शन भरले की एक तक्ता हमखास लागतो. कॅमेऱ्याचा शोध इब्नुल हैसम यांनी लावला आणि 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'क़मरा'वरून आला, असे त्यावर सुंदर नस्तालीक अक्षरात लिहिलेले असते. मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांतही हेच असते. मुलांचा उत्साह पाहून बरे वाटते, पण या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

'कॅमेरा' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ खोली, घुमटाकार छताची जागा, आणि त्याच्याही मागे ग्रीक शब्द आहे. गंमत अशी की आपण उर्दूत खोलीला जो 'कमरा' म्हणतो तो अरबी नसून पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्याकडे तो लॅटिनमधूनच आला होता. ज्या साष्टी बेटात कुर्ले मोडते तिथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोर्तुगीजांचेच राज्य होते. तेव्हा कॅमेरा आणि कमरा ही एकाच आईची लेकरे आहेत, पण ती आई अरबी नाही.

शोधाचे म्हणाल, तर अंधाऱ्या खोलीच्या भोकातून बाहेरचे दृश्य आत उलटे उमटते हे चीनमध्ये मोझीच्या परंपरेतील लोकांना इसवी सनाच्या कित्येक शतके आधी ठाऊक होते. ग्रहणाच्या वेळी झाडाखाली पडणारे कोरीसारखे कवडसे ग्रीकांनीही पाहिले होते. मग इब्नुल हैसम यांचे श्रेय कोणते? ते या खोट्या श्रेयापेक्षा मोठे आहे. इतरांनी कवडसा पाहिला होता. त्यांनी त्याची झडती घेतली.

भोक, दिवे आणि ग्रहण

'किताबुल मनाज़िर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ १०११ ते १०२१ या सुमारास लिहिला गेला, असे अभ्यासक मानतात. त्यातला एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल असा आहे. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर बाहेर निरनिराळ्या जागी काही दिवे ठेवायचे. आतल्या भिंतीवर तितकेच ठिपके दिसतील. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. झाकण काढले की तो परत येतो. सर्व दिव्यांचा प्रकाश एकाच भोकातून जातो, पण एकमेकांत मिसळून गढूळ होत नाही. दृश्याच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सरळ रेषेत निघतो हे त्यांचे म्हणणे या प्रयोगावर उभे आहे.

ग्रहणाच्या आकारावर त्यांनी वेगळा निबंधच लिहिला. खंडग्रास ग्रहणात सूर्याची कोर भोकातून भिंतीवर उमटते, पण भोक बारीक असेल तरच. भोक मोठे केले की कोर पुसट होत होत गोल डाग उरतो. असे का व्हावे, याचे गणित त्यांनी मांडले. छायाचित्रणाचा पहिला पेच इथेच आहे. भोक लहान ठेवले तर चित्र रेखीव पण अंधारे. मोठे केले तर उजेड भरपूर, पण चित्र फिसकटलेले. रेखीवपणा आणि उजेड दोन्ही हवे असतील तर भोकात काहीतरी बसवावे लागते. ते काहीतरी म्हणजे भिंग.

इब्नुल हैसम यांनी अंधाऱ्या खोलीच्या भोकात भिंग बसवले नव्हते. हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मसुरीचा दाणा

आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकात भिंगाला 'अदसा' म्हणतात. अरबीत 'अदस' म्हणजे मसूर. लॅटिनमध्येही 'लेन्स' म्हणजे मसूरच. मसुरीचा दाणा आडवा धरून पाहावा, दोन्ही अंगांनी फुगीर आणि कडेला पातळ. हा आकार प्रकाश गोळा करतो, पण किती नेटका गोळा करतो हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न बगदादच्या इब्न सहल यांनी सुमारे ९८४ साली जाळणाऱ्या भिंगांच्या निमित्ताने सोडवला. उन्हाचे सर्व किरण एकाच बिंदूत आणायचे तर काचेचा फुगवटा कसा हवा? त्यांचे उत्तर असे की तो वर्तुळाचा भाग असून चालणार नाही, 'हायपरबोला' नावाच्या वक्ररेषेचा हवा. हे सिद्ध करताना त्यांनी प्रकाशाच्या वक्रीभवनाचे जे प्रमाण वापरले, तेच पुढे सतराव्या शतकात युरोपात स्नेलच्या नावाने प्रसिद्ध झाले. रुश्दी राशिद या अभ्यासकाने इब्न सहल यांच्या विखुरलेल्या हस्तलिखिताची पाने जुळवून १९९० साली हे जगासमोर आणले.

इब्नुल हैसम यांना इब्न सहल यांचे काम माहीत होते. त्यांनी जाळणाऱ्या काचगोळ्यावर निबंध लिहिला आणि गोळ्याच्या मध्याजवळून जाणारे व कडेजवळून जाणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत हे दाखवले. भिंगाच्या पारखीचा पहिला नियम यातून निघतो: बाहेरच्या एका बिंदूचा आत एकच बिंदू व्हावा. उर्दू वाचणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एक नुक्ता सरकला की खुदाचा जुदा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भिंगाचेही तसेच. नुक्ता जागेवर आणि नुक्त्याएवढाच राहिला पाहिजे.

व्हेनिसच्या दानिएले बारबारोने १५६८ साली म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचे फुगीर भिंग अंधाऱ्या खोलीच्या भोकात बसवायला सांगितले, आणि वर भिंगाची कड झाकून मधलाच भाग उघडा ठेवा, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होईल, असेही सांगितले. कड घात करते हे काचगोळ्याच्या निबंधातले तत्त्व इथे कारागिराच्या हातात आले. दरम्यान 'किताबुल मनाज़िर'चे लॅटिन भाषांतर युरोपात फिरत होते. १५७२ साली ते बाझल येथे छापले गेले. केप्लरने आपला प्रकाशविषयक ग्रंथ १६०४ साली लिहिला तो याच परंपरेचा अभ्यास करून.

मुंबई आणि विजापूर

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा भिंगे फार मंद होती. माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसवावे लागे. व्हिएन्नाचे गणिती जोसेफ पेत्झव्हाल यांनी १८४० साली माणसांच्या चित्रांसाठी खास भिंग आखले. आकडेमोडीला तोफखान्यातले हिशेबी शिपाई दिले होते, असे सांगतात. हे भिंग आधीच्या भिंगापेक्षा पंधरा-वीसपट उजेड घेई. मध्यभागी चेहरा लख्ख येई, पण कडा विरघळून जात. चेहऱ्याच्या चित्राला ते चालते. किंबहुना शोभते.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून कुर्ल्यावरून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे तिचे सभासद होते आणि नारायण दाजी स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. म्हणजे ही विद्या मुंबईला फार उशिरा आली नाही.

त्याच १८५५ साली तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई इलाख्यातील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या सरकारी कामावर नेमण्यात आले आणि ते विजापूरला गेले. गोल घुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद. आदिलशाहीच्या या वास्तू कॅमेऱ्यासमोर आल्या. त्यांची चित्रे पुढे १८६६ साली लंडनला विजापूरच्या वास्तुकलेवरील ग्रंथात छापली गेली. त्याला मजकूर लिहिणाऱ्यांत मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन होते.

इथे पारखीचा दुसरा नियम येतो. गोल घुमटाच्या चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत. त्या काळी बाहेरच्या दृश्यांसाठी जे साधे एकेरी भिंग सर्रास वापरत, त्यात चौकटीच्या कडेजवळची सरळ रेषा पिंपासारखी बाहेर फुगे. चेहऱ्यात हे कळत नाही, मनोऱ्यात लगेच कळते. लंडनमध्ये बसून चित्र पाहणाऱ्याला वाटावे की गवंड्याचा ओळंबा चुकला. भिंगाचा दोष वास्तूच्या माथी! १८६६ साली लंडनच्या डालमायरने आणि त्याच सुमारास जर्मनीत स्टाइनहाइलने एकसारखी दोन भिंगे समोरासमोर बसवून ही वाक घालवली. म्हणून भिंग चांगले का, या प्रश्नाआधी 'कशासाठी चांगले' हा प्रश्न विचारावा लागतो. पेत्झव्हालचे भिंग वाईट नव्हते. त्याच्यापुढे गोल घुमट ठेवणे वाईट होते.

रंग, काच आणि चकाकी

तिसरा दोष रंगाचा. साधी काच निळा आणि तांबडा प्रकाश सारखा वाकवत नाही, म्हणून गडद वस्तूच्या कडेला रंगीत किनार दिसते. पाण्याने भरलेला काचगोळा अंधाऱ्या खोलीत ठेवून, तो पावसाचा थेंब समजून, इंद्रधनुष्याचे कोडे सोडवणारे कमालुद्दीन फारसी (निधन सुमारे १३१९) हे इब्नुल हैसम यांचेच भाष्यकार. भिंगांतली किनार घालवण्याचा उपाय मात्र अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सापडला. दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडायच्या, म्हणजे एकीचा दोष दुसरी खाते. जॉन डॉलंडने १७५८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे जर्मनीत येना येथे अ‍ॅबे आणि शॉट यांनी १८८० च्या दशकात नव्या जातींच्या काचा तयार केल्या आणि त्यांतून आजच्या भिंगांचे पूर्वज घडले.

चौथा दोष चकाकीचा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग असतील तर जवळपास २८ टक्के प्रकाश पार जात नाही. त्यातला काही आतल्या आत उड्या मारून चित्रावर धुके आणतो. १९३५ साली झाइस कारखान्यात स्मकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी केले. भिंगावर जांभळट-हिरवट झाक दिसते ती या लेपाची.

कमालुद्दीन फारसी यांचा 'तनक़ीहुल मनाज़िर' हा अरबी भाष्यग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो दख्खनमध्ये, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेकडून, १९२८ ते १९३० या काळात. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञान उर्दूतून शिकवले जात होते. म्हणजे ग्रंथ दारात आला होता आणि शिकवणारी भाषाही होती. पण फोटो काढणे जायज की नाजायज यावर आपल्याकडे जितकी शाई खर्च झाली, तिच्या शतांश शाईसुद्धा फोटो ज्या काचेतून येतो त्या काचेवर झाली नाही. उर्दूत छायाचित्रणाला 'अक्कासी' म्हणतात, म्हणजे अक्स धरणे. शब्द आपण नेमका केला, पण अक्स धरणारे यंत्र घडवायला बसलो नाही.

बसणारे कोल्हापुरात निघाले. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली आला. औपचारिक विद्यापीठी शिक्षण नसलेली ही रंगाऱ्या-सुताराच्या घरची माणसे. परदेशी यंत्र उघडून, ताडून पाहून त्यांनी ते केले. इब्नुल हैसम ज्याला एतबार म्हणत तो हाच.

पारख कशी करावी

आता प्रत्यक्ष पारख. तिला मोठी साधने लागत नाहीत. उर्दू दैनिकाची चार-सहा पाने भिंतीवर सपाट चिकटवावीत. नस्तालीकचे नुक्ते यासाठी फार उपयोगी पडतात. कॅमेरा तिपाईवर, भिंतीच्या अगदी समोर, समांतर ठेवावा. एक चित्र भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवून घ्यावे, एक एफ ८ वर. मग मध्य आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. मध्यात नुक्ते सुटे आणि कोपऱ्यात चिकटलेले दिसले तर भिंग कडेला कमजोर आहे. एफ ८ वर ते सुटे झाले तर बारबारोचा उपाय लागू पडला म्हणायचा. पण छिद्र फारच बारीक केले, एफ १६-२२ पर्यंत नेले, की चित्र पुन्हा मऊ पडते, कारण प्रकाश अरुंद छिद्राच्या कडेने पसरतो. डावा कोपरा स्वच्छ आणि उजवा पुसट असेल तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे. असे भिंग स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

सरळ रेषांसाठी चाळीचे कठडे किंवा फरशीची रांग चौकटीच्या कडेला धरून पाहावी. रंगासाठी पांढऱ्या आभाळावर काळी फांदी किंवा विजेची तार. जांभळी किनार आली तर कळतेच. चकाकीसाठी खिडकीकडे तोंड करून, उजेड चौकटीच्या जरा बाहेर ठेवून चित्र घ्यावे. काळा रंग करडा झाला तर लेप गेला आहे किंवा काच धुरकट आहे.

मुंबईत आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे. आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते. बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुने भिंग घेताना मोबाइलची बॅटरी एका बाजूने आत मारावी आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही, बुरशी मात्र लेप खाते. घरी भिंग बंद चामडी पेटीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे.

मोबाइलमधल्या भिंगाची पारख मात्र अवघड झाली आहे. त्यातली इवलीशी भिंगे बहुधा प्लास्टिकची आणि मुद्दाम वर्तुळाकार नसलेल्या फुगवट्याची असतात. वर्तुळाचा फुगवटा पुरत नाही हे इब्न सहल यांनी हजार वर्षांपूर्वी सांगितलेच होते. पण रेषेची वाक, रंगाची किनार हे दोष चित्र आपल्यापर्यंत येण्याआधी मोबाइलच पुसून टाकतो. दिसते ते भिंगाचे काम की दुरुस्तीचे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. मेगापिक्सेलचा आकडा यातले काहीच सांगत नाही. पाटी मोठी केली म्हणून अक्षर सुधारत नाही.

वारसा

बतलीमूस या ग्रीक पंडितावर शंका घेणारा एक ग्रंथ इब्नुल हैसम यांनी लिहिला आहे. जुन्यांचे लिहिलेले वाचताना सत्य शोधणाऱ्याने त्यांच्यावर भिस्त न ठेवता त्यांचीच परीक्षा घ्यावी, आणि परीक्षा घेताना स्वतःवरही संशय ठेवावा, असा त्याचा आशय आहे. हा नियम त्यांना स्वतःलाही लागू होतो. ते थोर होते म्हणून त्यांनी कॅमेरा शोधला असे लिहिणे म्हणजे त्यांच्या नावावर एतबार ठेवणे आणि त्यांचा एतबार सोडणे.

शब्दांचा प्रवास कधी कधी समाजाचा प्रवास सांगतो. काहिऱ्यात ज्याचा अर्थ 'पारखणे' होता, तो शब्द उर्दूत 'विश्वास' झाला आणि मराठीत 'मातबर' होऊन पैशाला चिकटला. पारख मध्येच कुठेतरी गळाली. भिंग विकत घेतानाही आपण हेच करतो. नाव कोणाचे, किंमत किती, हे विचारून मोकळे होतो.

आमच्या प्रदर्शनातील तक्त्यावर इब्नुल हैसम यांचे नाव जरूर असावे. त्याखाली 'कॅमेऱ्याचे जनक' असे न लिहिता तीन दिवे, एक पुठ्ठ्याची अंधारी पेटी आणि सुईने पाडलेले एक भोक ठेवावे. येणाऱ्याने एक दिवा झाकावा, कोणता ठिपका जातो ते पाहावे, मग भोक पेन्सिलीने मोठे करून पुन्हा पाहावे. आठवीतल्या मुलीला त्यासाठी एक तास आणि जेमतेम पन्नास रुपये लागतात.